मुरमातली बाग

आमच्या सेक्शनचे लोक आता फार उरले नाहीत. पण कुणाच्या नातवाची मुंज असो की कुणाचं तेरावं, दोघंतिघं एकत्र आले की चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "अरे, ती अण्णांची मिठाची गोष्ट सांग ना." झालं! मग एकातून एक निघत जातात आणि तास-दीड तास कुठे जातो कळत नाही. किस्से असे आपोआप साठतात. घडत असताना याचा पुढे किस्सा होईल असं कुणाच्या मनातही नसतं. खरं सांगायचं तर ते घडत होते तेव्हा आम्हाला बहुतेक वेळा भीतीच वाटत होती.

तर हे सगळं जबलपूरचं, एकाहत्तरच्या लढाईच्या आधीची दोनेक वर्षं आणि लढाईचा तो हिवाळा. फॅक्टरीत आमचं सेक्शन फिलिंगचं, म्हणजे तोफेच्या गोळ्यांमध्ये पिवळी पावडर भरायचं काम. अण्णा साळवी मुंबईकडच्या फॅक्टरीतून बदलून आलेले, मूळचे गुहागरकडचे, वय चाळीस-बेचाळीस. मी भंडाऱ्याचा, सव्वीस वर्षांचा, सेक्शनमध्ये नवाकोरा. आम्हाला क्वार्टर मिळाले ते जोडीचे. समोरून दोन दारं, मागे मात्र एकच अंगण. मधल्या भिंतीच्या विटा येणार होत्या, त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. त्या अंगणात मुरूम, गारगोट्या आणि आधीच्या भाडेकरूची फुटकी बादली एवढंच होतं. अण्णांनी पहिल्या संध्याकाळी ते सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "रघू, इथे बाग करायची."

*

अण्णा आले ते एप्रिलच्या शेवटी, आणि ट्रंकेत कपड्यांपेक्षा बियाणं जास्त. पडवळ, दोडका, लाल माठ, आणि फडक्यात गुंडाळलेले, मोड आलेले दोन नारळ. कोकणात पावसाआधी खड्डे घेऊन ठेवतात, तेव्हा यांनीही मे लागताच खड्डे घेतले. बाहेर लूचा कढत वारा सुटलेला, रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

मी म्हणालो, "अण्णा, इथे मे महिन्यात माणूस घराबाहेर निघत नाही. नारळ काहून लावून राहिले?"

"नारळ आहे, माणूस नाही," अण्णा म्हणाले.

आता कोकणातल्या माणसाला नारळाच्या खड्ड्यात मीठ घातल्याशिवाय चैन पडत नाही. अण्णांनी ते घातलं. पण घालताना त्यांनी असा विचार केला की तिकडे समुद्र जवळ, इथे समुद्र शेकडो मैल लांब, तेव्हा जरा सढळ हाताने घालावं. दोन खड्ड्यांत मिळून पाच-सहा किलो खडेमीठ गेलं. उरलेलं त्यांनी माठाच्या वाफ्यात पसरून दिलं, वाया जायला नको म्हणून. नळाला पाणी यायचं दिवसातून एक तास. ते पाणी दुपारपर्यंत उडून जायचं आणि जमिनीवर पांढरी साय धरायची. दहा दिवसांत दोडका, पडवळ, माठ, नारळ, सगळं जागच्या जागी करपून गेलं.

सिहोऱ्याहून बसने भाजीची टोपली घेऊन येणारी फूलमती काकी आमच्या लायनीत रोज सकाळी यायची. अण्णांनी तिला मागे नेऊन वाफे दाखवले. तिने टोपली खाली ठेवली, चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली आणि थुंकली.

"भैया," ती म्हणाली, "बाग लगा रए हो कि अचार डार रए हो?"

दुसऱ्या कुणाला राग आला असता. अण्णांनी तिला तिथल्या तिथे गुरू केलं. ती वर बसली, हे खाली बसले, आणि तिने पहिला धडा दिला की ऊन उतरल्याशिवाय पाणी घालायचं नाही, नाहीतर मुळं शिजतात. अण्णा पंधरा दिवस ते खारट मुरूम खरवडून घमेल्याने नाल्यात टाकत होते.

*

खरवडायचं कशाने, याचाही एक किस्सा आहे.

आमच्या सेक्शनमध्ये लोखंड चालत नसे. गेटवर काडेपेटी, विडी, चाव्या, खिळ्यांचे बूट, सगळं काढून ठेवायचं. आत हत्यारं पितळेची नाहीतर लाकडाची. लोखंडावर लोखंड घासलं, ठिणगी उडाली, की पुढचं कुणाला बघायला मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी शिकवत. शिकवायचीही गरज नव्हती. नऊ नंबरच्या शेडच्या जागी नुसता चौथरा होता आणि त्या चौथऱ्यावरून रोज ड्यूटीला जावं लागे.

तर खड्डे घ्यायला आम्ही शेजारून कुदळ मागून आणली. अण्णांनी उचलून पहिलाच घाव घातला, तो बसला नेमका गारगोटीवर. खण्ण आवाज झाला आणि ही मोठी ठिणगी!

पुढचं मला आठवतं ते असं की माझं तोंड मातीत होतं. अण्णा माझ्या शेजारी पालथे, दोन्ही हात डोक्यावर घेतलेले. भर दुपारी आपल्याच क्वार्टरच्या मागे आम्ही दोघं आडवे.

माझी बायको सुमन दारात आली. नुकतं लग्न झालेलं, तिला काय ठाऊक. ती म्हणाली, "अगाई, काहून झोपून राहिले तुम्ही दोघं उन्हात?"

साळवीवहिनींनी मात्र काही विचारलं नाही. पंधरा वर्षं फिलिंगवाल्याचा संसार केलेली बाई. त्या चपला न घालता तशाच तापलेल्या मुरमावरून आल्या, वाकल्या, अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उठा. घरी आहात तुम्ही."

हा किस्सा आमच्या सेक्शनबाहेर सांगितला की लोक खूप हसतात. सेक्शनमधला कुणी हसलेला मी पाहिला नाही.

*

कुदळ परत गेली. अण्णांनी गोहलपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन पितळेचा खुरपा करून घेतला. जाड पात्याचा, शिसवी मुठीचा, चकचकीत. कारागीर तो देताना म्हणाला (जबलपुरात मोठ्या भावाला बड्डे म्हणतात), "बड्डे, इससे मिट्टी खोदोगे कि बेटी के दहेज में दोगे?"

पितळेला धार टिकत नाही. जे काम लोखंडी खुरप्याने तासात व्हावं त्याला तीन दिवस लागायचे. पण अण्णांनी दोन अडीच वर्षं सगळी बाग त्या खुरप्यावर केली, आणि त्या मुरमात. लायनीतले इतर लोक त्यांना वेडा समजत. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटणारच.

*

आमचे हात पिवळे असत. पावडरीचा रंग कातडीत बसतो, साबणाने जात नाही. नवीन माणसाची आधी नखं पिवळी होतात, मग तळवे, मग उशीचा अभ्रा. अण्णांचे हात कोपरापर्यंत पिवळे, पुढचे केससुद्धा तांबूस झालेले.

वहिनींच्या मंगळसूत्राचा फासा तुटला म्हणून आम्ही एका रविवारी सराफ्यात गेलो. दुकानदार जुना, बोलका. त्याने अण्णांचे पुढे आलेले हात पाहिले आणि खूश होऊन विचारलं, "अच्छा, घर में शादी है? हल्दी लगी है?"

अण्णा म्हणाले, "जी. रोज़ लगती है."

दुकानदार हसला, आम्हीही हसलो. वहिनी दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

*

एकाहत्तरच्या मार्चपासून ओव्हरटाइम सुरू झाला. आठ तासांचे बारा झाले. लढाई होणार असं कुणी सांगत नव्हतं, पण भरायच्या गोळ्यांच्या पेट्या छतापर्यंत लागू लागल्या की आम्हाला वर्तमानपत्राची गरज नसे. वरचे कपडे फॅक्टरीतच धुवायला जात, पण आतले बनियन घामाने आणि पावडरीने भिजून घरी यायचे. ते भिजवले की पाणी गुलाबी व्हायचं. लग्नातल्या सरबतासारखं सुंदर गुलाबी!

तोपर्यंत अण्णांनी काकीच्या सांगण्याप्रमाणे बाग बरीच उभी केली होती. वरून तुराट्यांचा मांडव, खाली पाचोळा, आणि त्या सावलीत एक मेथीचा वाफा, एवढ्या उन्हात हिरवागार. अण्णा ड्यूटीवरून आले की आधी तो वाफा बघायचे, मग घरात जायचे.

एक दिवस नळाला पाणीच आलं नाही. वहिनींनी विचार केला, बनियनचं पाणी नाहीतरी मोरीत जाणार, त्यापेक्षा मेथीला जाऊ दे. दोन बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी मेथी कडेकडेने तपकिरी झाली, पाचव्या दिवशी भुईसपाट झाली. वहिनी रडायला लागल्या. अण्णा वाफ्यापाशी उकिडवे बसून राहिले, एक काडी उपटून तिचं मूळ बघितलं. मग मला म्हणाले, "रघू, हे पाणी आपल्या अंगावरचंच ना रे?"

"हो अण्णा."

"म्हणजे हिला दोनच बादल्या लागल्या."

दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्यांदा बदलीचा अर्ज घेऊन फोरमनकडे गेले. फोरमनने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, "अभी? साळवी, अभी तो कोई मर भी नहीं सकता. छुट्टियाँ बंद हैं."

*

पण त्याच आठवड्यात एक वाट निघाली. क्वार्टर, रस्ते, बगीचे सांभाळणारं फॅक्टरीचं इस्टेट ऑफिस होतं. तिथला बागेचा सुपरवायझर रिटायर झाला होता. इस्टेटच्या साहेबांना फुलांचा नाद. त्यांनी नोटीस लावली की हिवाळा संपता संपता कामगारांच्या बागांची कॉम्पिटिशन होईल, आणि ज्याची बाग पहिली येईल त्या एका कामगाराला ते कुठल्याही सेक्शनमधून आपल्याकडे मागून घेतील. वरून मंजुरी आणली होती. फिलिंगमधूनसुद्धा.

एक माणूस. आमच्या शेडमध्ये चाळीस जण होतो. त्या संध्याकाळी फिलिंगच्या लायनीत ज्याला कधी तुळस जगवता आली नव्हती तोही अंगणात उभा राहून माती बघत होता. पण अण्णांच्या जवळपास येणारा कुणी नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर अण्णांना आधीच म्हणून टाकलं, "अण्णा, तुम्ही सुटले."

"आधी जून जाऊ दे," अण्णा म्हणाले.

*

जूनसाठी काकीने मडक्यांची युक्ती सांगितली. कच्चं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकणी. पाणी आतल्या आत झिरपतं, मुळं तिकडे वळतात, लूला काही मिळत नाही. अण्णांनी अकरा मडकी आणली आणि दोन रविवार खपून पुरली.

आता तुम्हीच विचार करा. लढाईचं वातावरण, आणि दारूगोळ्याच्या सेक्शनमधला माणूस आपल्या अंगणात ओळीने मडकी पुरतोय! कुणीतरी कळवलं. मंगळवारी सकाळी सिक्युरिटीचे दोन शिपाई आणि एक जमादार आले. आम्हाला भिंतीशी उभं केलं. त्यांनी लोखंडी कांबीने जमीन ठोकत ठोकत मडकी शोधली आणि एकेक उकरून काढली. सात फुटली. प्रत्येकातून नुसतं पाणी निघत होतं, त्यामुळे जमादाराचा संशय आणखी वाढत होता.

शेवटी तो अण्णांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "सच बता. इसमें से क्या निकलने वाला है?"

अण्णा म्हणाले, "भिंडी, साहब."

जमादाराने उरलेली चार मडकी ठेवू दिली. अण्णांनी सात परत आणली. त्या जूनमध्ये आमच्या अख्ख्या लायनीत भेंडी फक्त आमच्या अंगणात होती, आणि सुमनला डोहाळे लागायच्या आधीपासून ती रोज भेंडीच खात होती.

*

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लढाई लागली. प्रत्येक क्वार्टरमागे खंदक खणा म्हणून हुकूम आला. सिव्हिल डिफेन्सचा वॉर्डन चुन्याची पिशवी घेऊन फिरत होता. आमच्याकडे त्याने जी वाकडी रेघ मारली ती फ्लॉवरच्या वाफ्यातून सरळ पलीकडे गेली.

अण्णा त्याच्या मागे मागे फिरत म्हणाले, "भैया, उधर मार दो. उधर खाली है."

"उधर मुरम है. तुमसे नहीं खुदेगा."

"खुदेगा."

बारा तासांची ड्यूटी करून आल्यावर अण्णा आणि मी चार दिवस तो खंदक खणत होतो. शेवटी लोखंडी पहार घ्यावीच लागली, आणि प्रत्येक ठिणगीला आम्ही दोघं डोळे मिटत होतो. अण्णा मधेच थांबायचे, कुशीवर हात धरून बसायचे, मग परत उठायचे. फ्लॉवर वाचला. खणलेल्या मातीचा खंदकाच्या दोन्ही कडांना बांध झाला, तर अण्णांनी त्यावर मेथी टाकून दिली. ती आठ दिवसांत उगवून आली.

वॉर्डन तपासणीला आला आणि चिडला. "ये क्या है? सरकारी ट्रेंच पर सब्ज़ी?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "कॅमोफ्लाज है, साहब. ऊपर से हवाई जहाज को खेत दिखेगा."

वॉर्डनने वर आकाशाकडे पाहिलं, खाली मेथीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो घरोघर सांगत फिरला की सगळ्यांनी खंदकावर मेथी पेरा.

*

त्याच दिवसांत थंडी अशी पडली की जबलपूरच्या जुन्या लोकांनीही कानाला हात लावले. कोकणात थंडी म्हणजे सकाळी पंचा जरा घट्ट गुंडाळायचा. पाला, म्हणजे गोठलेलं दहिवर, पडून उभं झाड काळं ठिक्कर पडतं हे अण्णांना काकीने सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. उन्हाने मरतं आणि थंडीनेही मरतं, मग इथे जगतं कधी, असं ते विचारत होते.

त्या संध्याकाळी काकी जाताना बजावून गेली, "भैया, आज टमाटर ढाँक दइयो." झाकायचं कशाने? पोती खंदकाच्या कडांना लागली होती. घरात चादरी दोन. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावायला काळे जाड कागद मिळाले होते, ते अण्णांनी उतरवले आणि टोमॅटोवर घातले.

वहिनी स्वयंपाकघरात दिवा लावून भाकऱ्या थापत होत्या. सगळी वसाहत अंधारात, आणि आमच्या मागच्या खिडकीतून लख्ख पिवळा उजेड. वॉर्डन शिट्टी फुंकत धावत आला. "साळवी! खिड़की का कागज़ कहाँ है?"

अण्णांनी टोमॅटोकडे बोट दाखवलं. तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "दिवा मी मालवते. कागद असू दे तिथे. त्या झाडांवर आमचं सगळं आहे." पुढचे दहा दिवस त्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक अंधारात केला. भाकरी कधी कच्ची असायची, कधी करपलेली. अण्णा ती मुकाट्याने खायचे.

*

लढाई चौदा दिवसांत संपली. आमचं काम संपलं नाही. रिकाम्या झालेल्या कोठारांत पुन्हा भरायचं होतं, त्यामुळे बारा तास चालूच राहिले.

जानेवारीत एकदा अण्णा आरशासमोर दाढी करत होते आणि मी उन्हाला खुर्ची टाकून बसलो होतो. त्यांनी मान वळवली तेव्हा मला दिसलं. हात पिवळे असणं वेगळं. त्याची आम्हाला सवय होती, सेक्शन सुटलं की वर्षभरात तो रंग जातो. अण्णांच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं.

आमच्या सेक्शनमध्ये डोळे पिवळे झालेली तीन माणसं मी तोवर पाहिली होती. तिघांपैकी एकही उरला नव्हता.

"अण्णा, डॉक्टरकडे चला."

"जाऊन आलो कालच."

"मग? काय म्हणाला?"

अण्णांनी वस्तरा पुसला. "म्हणाला, उसाचा रस प्या."

यापुढे त्यांनी त्या विषयावर मला एक शब्द बोलू दिला नाही. मी उगाच आशा धरून होतो. फेब्रुवारीत कॉम्पिटिशन आहे, अण्णा पहिले येतील, इस्टेटमध्ये जातील, मोकळ्या हवेत राहतील, उतरेल हळूहळू, असं मी सुमनलाही सांगत होतो. त्या पावसाळ्यात अण्णा गेले. वहिनींना मी गुहागरला पोचवून आलो. घाट उतरताना सगळीकडे हिरवंगार होतं, आणि वहिनी खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

*

आता शेवटचा. हा लग्नामुंजीत सांगितला जात नाही, कारण तो फक्त मला ठाऊक आहे.

फेब्रुवारीतला रविवार होता. आमचं अंगण त्या दिवशी असं दिसत होतं की रस्त्याने जाणारे लोक सायकल थांबवून बघत होते. ताटाएवढे फ्लॉवर, वाटाण्याची भिंत, लालबुंद टोमॅटो, कडेने झेंडू आणि फ्लॉक्स. मी त्या बागेत अडीच वर्षं एकच काम केलं होतं. नळाला पाणी आलं की बादल्या भरायच्या आणि अण्णा सांगतील तिथे ओतायच्या. बाकी मला वांग्याचं रोप आणि मिरचीचं रोप वेगळं ओळखू येत नव्हतं.

अण्णा सकाळपासून नवीन धोतर नेसून बसले होते, म्हणून मला वाटलं ते साहेबांचीच वाट बघतायत. साहेब आले, बरोबर क्लार्क. साहेब वाफ्यांमधून सावकाश फिरले. एका जागी खाली बसून त्यांनी माती हातात घेतली, कुस्करली, वास घेतला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच कळलं की निकाल लागला.

"नाम क्या है इसका?" त्यांनी क्लार्कला विचारलं.

क्लार्कने फॉर्म काढला. अर्ज अण्णांनीच जानेवारीत जाऊन भरला होता. क्लार्कने वाचलं, "रघुनाथ भोयर, फिलिंग."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा वाटाण्याकडे बघत होते.

"भोयर कौन है?"

सुमन दारात उभी होती. तिला सातवा महिना चालला होता, एक हात चौकटीवर, एक पाठीवर. वहिनी तिच्या मागे. वहिनींना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा बघताच मला कळलं की त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे चूक आहे, यातलं एक पानसुद्धा माझं नाही.

मी म्हणालो, "जी साहब, मैं."

"गोभी कब लगाई थी?"

मागून अण्णांचा आवाज आला, "दशहरे के बाद, साहब. उसके पहले इसने रोप बनाया था. टोकरी में."

"और खाद?"

"पत्तों की," अण्णाच म्हणाले. "सब इसने खुद बनाई. बहुत मेहनती लड़का है."

साहेबांनी वळून अण्णांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. नवीन धोतर, कोपरापर्यंत पिवळे हात, आणि ते डोळे.

"तुम तो बहुत जानते हो," ते म्हणाले. "तुमने क्या किया इस बगीचे में?"

"मैं तो पड़ोसी हूँ, साहब," अण्णा म्हणाले. "कभी-कभी पानी डाल देता था."

साहेबांनी माझ्या नावापुढे सही केली. मी तोंड उघडलं नाही.